भाड्याचा चमचा

खण्ण!

रविवारची दुपार होती. जेवणं उरकून घर आडवं झालं होतं. दादा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन सोफ्यावर, वहिनी लेकीला थोपटता थोपटता स्वतःच गाढ, आणि आई... "मी झोपत नाही गं, नुसती पाठ टेकते," असं सांगून घोरणारी. अशी शांतता, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा चवड्यांवर चालतंय असं वाटावं. त्या शांततेत बाल्कनीत काहीतरी पडलं, आणि आतू दचकून उठली.

'आतू' हे काही तिचं खरं नाव नव्हे. पुतणीला लहानपणी 'आत्या' म्हणता येईना, तेव्हा तिने हे घडवलं. मग ते दादाने उचललं, वहिनीने उचललं, आणि आता तर आईसुद्धा पोटच्या मुलीला आतूच म्हणत होती.

बाल्कनीत तिची एक कुंडी होती. त्यातलं रोप कधीच वाळून काडी झालं होतं, पण आतू त्याला रोज पाणी घालायची. काय सांगावं, फुटेलही एखादं पान! त्या काडीच्या शेजारी, मातीत तिरका रुतून, एक चमचा उभा होता.

तिने वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून एक डोकं वाकलं होतं. केस विस्कटलेले, हातांना कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"चमचा!" तो माणूस कुजबुजत ओरडला. असंही ओरडता येतं हे तिला त्या दिवशी कळलं. "तुमच्याकडे आलाय ना?"

"आलाय," तीही तशीच कुजबुजली. "बसवून ठेवलाय."

"येतो हं घ्यायला..."

तिने चमचा धुतला, ओट्यावरच्या स्टँडमध्ये टाकला आणि घाईघाईने केस बांधायला घेतले. केस का बांधावेसे वाटले, ते तिलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात दारावर हलकेच टकटक झाली. बेल वाजवली नाही... म्हणजे माणसाला झोपलेल्या घराची कदर होती. तिने स्टँडमधून चमचा ओढला आणि दार उघडलं.

"एका चमच्यासाठी उगाच जिना उतरलात," ती म्हणाली. "वरूनच सांगायचं, मी पोचवला असता."

"माझा असता तर आलोही नसतो. पण भाड्याचा आहे."

"चमचा? भाड्याचा?"

"खाट, पंखा, पातेली, उशी... सगळंच. मी कामासाठी गावोगाव फिरतो. जिथं जाईन तिथं सगळं भाड्यानं घेतो आणि निघताना मोजून परत करतो." त्याने तिच्या हातातून चमचा घेतला. उलटा करून पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. "हा..."

"काय झालं? वाकला का?"

"नाही, नाही." तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडायची, दुसरा गाल विसरल्यासारखा तसाच राहायचा. "हाच. आभारी आहे."

दार लावून वळली तर वहिनी समोर उभी. डोळ्यांत झोप, ओठांवर हसू.

"चमचे घ्यायला माणसं येऊ लागली का आपल्याकडे? मला वाटलं, कोठीवालीच्या कोठीतून कधी काही बाहेर जातच नाही."

कोठीवाली हे वहिनीने ठेवलेलं नाव, आणि ते खोटं नव्हतं. आतूच्या खणात न राहिलेल्या कुलपांच्या किल्ल्या होत्या, बंद पडलेली घड्याळं होती, शाईचा थेंब नसलेली पेनं होती. एखादी गोष्ट संपली, असं म्हणायला तिची जीभच रेटत नसे.

*

सोमवारी तोच माणूस तिच्या ऑफिसात उभा होता.

आतूची कंपनी लोकांना स्वयंपाकघरं आणि दुकानं आखून द्यायची. कपाट कुठे, ओटा केवढा, दार कुणीकडे उघडणार, हे सगळं आधी संगणकावर काढायचं. त्यासाठी एक भारी सॉफ्टवेअर होतं, आणि त्याचं लायसन्स दर वर्षी विकत घ्यावं लागे. हिशोब साधा होता. एका वेळी जितक्या संगणकांवर ते उघडं, तितकी लायसन्सं. यंदा विकणाऱ्यांनी भाव असा काही वाढवला होता, की कंपनीच्या मालकीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा वाईट बातमी असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे बाहेरून आलेत," मालकीणबाई म्हणाल्या. "लायसन्सचा खर्च कुठं कमी करता येतो, ते शोधून देतात. शुक्रवारी मला उत्तर हवंय. खर्च कमी झाला तर ठीक. नाही झाला तर ड्रॉइंग विभागातली दोन माणसं कमी करावी लागतील. शेवटी आलेल्या दोघी." मग आतूकडे वळून, "संगणकांचं सगळं तुझ्याकडे आहे. तूच यांच्याबरोबर बस."

शेवटी आलेल्या दोघी म्हणजे कोपऱ्यातल्या जुळ्या. त्या एकमेकींच्या कोणी नव्हत्या, पण एकाच दिवशी लागल्या, एकाच डब्यातून खात, आणि एकीला शिंक आली की दुसरी रुमाल काढे. दोघींची ही पहिलीच नोकरी. आतूने आपल्या हाताने त्यांना संगणक लावून दिले होते, खुर्च्या उंच-खाली करून दिल्या होत्या. त्यांना काढायचं झालं तर त्यांची नावंही तिलाच पुसावी लागणार होती.

दुपारपर्यंत ऑफिसने पाहुण्याचं बारसं करून टाकलं. 'कात्रीवाला'.

कात्रीवाल्याने तिच्याच टेबलाच्या टोकाशी खुर्ची ओढली. "चमचा बरा आहे," तो हळूच म्हणाला.

"विचारलं नव्हतं मी."

"विचारणार होतात."

ती विचारणारच होती! तिने मान खाली घालून उगाचच एक तार जोडलेली होती ती काढून पुन्हा जोडली.

मंगळवारी त्यांचं पहिलं भांडण झालं. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही नावं कोणाची? या नावांची माणसं तर ऑफिसात दिसत नाहीत."

"गेली ती. एकीनं लग्नानंतर गाव सोडलं. हे दुसऱ्या कंपनीत गेले. आणि हे, ज्यांना सगळं ऑफिस आजोबा म्हणायचं, सगळ्यात जुने. निवृत्त झाले."

"मग नावं का आहेत?"

"असू देत की. काय खातात?"

"ती माणसं परत येणार आहेत?"

"आली तर?"

कात्रीवाल्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. चिडून नव्हे... आपल्याला न कळलेलं चित्र पाहावं तसं. "आली तर," तो सावकाश म्हणाला, "नाव परत लिहिता येतं. दोन मिनिटांचं काम आहे."

"पुसायलाही दोनच मिनिटं लागतात. म्हणून काय पुसत सुटायचं?"

*

बुधवारी संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. छत्री उघडावी की नाही, असा मनात घोळ घालणारा. दादाला जिन्यात तो भेटला, एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात अंडी घेऊन. जिन्यात भेटलेल्या माणसाला चहाला ओढून आणणं ही दादाची जुनी खोड.

"अगं, वरच्या मजल्यावरचे," दादाने जाहीर केलं. "आणि तुझ्याच ऑफिसात आहेत म्हणे! तू बोलली नाहीस ते?"

"बोलायचं राहिलं असेल," वहिनी कपबश्या मांडत म्हणाली. "रविवारपासून तिचं बरंच काही राहतंय. काल चहात मीठही राहिलं."

"चहात मीठ घालत नाहीत, वहिनी."

"तेच म्हणतेय मी. घातलं होतंस."

कात्रीवाला खिडकीकडे तोंड करून खोकला. ते खोकणं खरं नव्हतं.

पुतणी एवढा वेळ त्याच्या समोर उभी राहून त्याला निरखत होती. तिचा पुढचा एक दात हलत होता आणि ती तो जिभेने पुढे-मागे करत होती, दार उघडावं-लावावं तसा. "काका, तुम्ही काय काम करता?"

"नको असलेल्या वस्तूचे लोक पैसे भरत असतात. त्यांना सांगतो, भरू नका."

"म्हणजे दुकानदार?"

"उलटा दुकानदार." मग तो तिच्या उंचीला आला. "बघ हं. तुझी आतू ऑफिसात जे वापरते ना, त्यातलं काही वर्षाचं असतं. वर्ष संपलं की गेलं. परत पैसे भरा, परत वर्षभर. आणि काही एकदा घेतलं की कायमचं."

पुतणीने दात हलवत विचार केला. "म्हणजे दुधाचे दात आणि पक्के दात."

कात्रीवाला थक्कच झाला. "इतकी वर्षं मी हे मोठमोठ्या लोकांना समजावतोय. इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही."

मग काय, पुतणीला खेळच सापडला. चप्पल? दुधाची. पलंग? पक्का. साबण? दुधाचा. आजी?

"पक्की!" आतल्या खोलीतून आजीच ओरडली. "अजून पडत नाही म्हणावं मी!"

"आणि काका, तुमच्या घरातलं?"

"माझ्या?" त्याने आठवून पाहिल्यासारखं केलं. "माझ्या घरातलं सगळं... दुधाचं."

तो हसतच म्हणाला. पण त्याची दोन बोटं कपाच्या कानाभोवती घट्ट झाली, तो कपही कोणी मोजून परत मागेल अशी. आतूने ते पाहिलं. आणि आतूने पाहिलेलं वहिनीने पाहिलं.

*

गुरुवारी दुपारी त्याच्या कागदावर तिला एक ओळ दिसली. 'सगळी लायसन्सं रोज, दिवसभर वापरात.' खाली त्याने काहीच लिहिलं नव्हतं. पण पुढचं तिला कळलं. सगळी वापरात म्हणजे एकही कमी होणार नाही. कमी होणार ती माणसं.

कोपऱ्यात जुळ्या एकाच स्क्रीनवर डोकी जोडून काहीतरी खुसखुसत होत्या.

"मग झालं तर तुमचं काम," आतूचा आवाज तिच्याही नकळत चढला. "लिहा, दोन माणसं कमी करा. तुम्हाला काय! उशी, पातेलं, चमचा मोजून द्याल आणि दुसऱ्या गावाला जाल. इथं कोण राहिलं, कोण गेलं... तुम्हाला कशाला हवंय?"

त्याचे कान लाल झाले. टोपण लावून पेन खिशात ठेवलं, परत काढलं.

"मी ते लिहिलेलं नाही," शेवटी तो म्हणाला. "अजून तरी. कारण यातल्या एका गोष्टीवर माझा विश्वास बसत नाहीये. जरा बघता? रागावूनच बघा, पण बघा."

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. रोज सकाळी कोणत्या टेबलावरचं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी उघडतं, त्याची ती नोंद होती. पहिलं नाव आतूने दोनदा वाचलं. आजोबा. त्यांच्यानंतर लग्न होऊन गेलेली. मग दुसऱ्या कंपनीतले.

"पण हे तर..."

"गेलेत. आणि तरी रोज सकाळी, कुलूप उघडल्या उघडल्या, सगळ्यांच्या आधी कामाला येतात." तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "तुम्ही नावं पुसली नाहीत ना... ती परत आली."

तिला हसूही आलं आणि अंगावर काटाही. "काहीतरीच!"

"चला, मग उद्या लवकर. भूत पकडायला." तो जरा थांबला. "म्हणजे... याल?"

*

शुक्रवारी सकाळी रस्ते धुक्याने पुसून काढल्यासारखे दिसत होते. दारावरच्या पहारेकऱ्याने नुकतंच कुलूप काढलं होतं. कात्रीवाला कागदी पेल्यांत चहा घेऊन आला होता. "मीठ घातलेलं नाही," त्याने आधीच सांगितलं.

लपायला जागा एकच होती. गिऱ्हाइकांना दाखवायला दिवाणखान्याएवढं एक नमुन्याचं स्वयंपाकघर ऑफिसात मांडलेलं होतं. कपाटं, ओटा, नळ, दोन खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, आणि मागे रंगवलेली खिडकी. त्या कपाटाआड ती दोघं बसली. खोट्या घरात खऱ्या चहाची वाफ वर जाऊ लागली.

"घर कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"नळाला पाणी नाही."

"भाडं कमी करून घेऊ."

"तुमचं आपलं भाडंच! विकत घ्यायचं कधी मनात येत नाही?"

तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "लहानपणी वडिलांच्या बदल्या व्हायच्या. प्रत्येक घर सोडताना मी एखादी गोष्ट विसरायचो आणि मग रडत बसायचो. एकदा ठरवलं, आपलं काही नसलंच तर विसरणार काय?" त्याने खांदे उडवले. "चाललंय बरं. आणि तुम्ही? त्या वाळलेल्या काडीला पाणी का घालता?"

"तुम्ही पाहिलंत?"

"रोज सकाळी. वरून दिसतं ना..." आणि आपण काय बोलून गेलो ते उमजून तो गडबडीने चहा प्याला. चहा गरम होता. त्याची जीभ भाजली.

ती हसू दाबत होती, तेवढ्यात दिवे लागले.

मावशी आत आल्या. ऑफिस झाडणाऱ्या, चहा करणाऱ्या, सगळ्यांना अरे-तुरे करणाऱ्या मावशी. त्यांनी केर काढला, टेबलं पुसली. मग पदराला हात कोरडे करून पहिल्या टेबलाशी गेल्या आणि संगणक सुरू केला. पासवर्ड? तो तर प्रत्येकाने स्क्रीनच्या कडेलाच चिकटवून ठेवलेला! मावशींनी एकेक अक्षर शोधून दाबलं, त्या भारी सॉफ्टवेअरच्या चित्रावर टकटक केली आणि दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. मग तिसऱ्या. पहिलं टेबल आजोबांचं, रिकामं; तिथं तर त्या थोड्या जास्तच थांबल्या होत्या, खुर्ची नीट केली होती.

आतू उभी राहिली, तशी हातातल्या पेल्यातला चहा सांडला.

"अगंबाई!" मावशी किंचाळल्या. मग कपाटाआडून दुसरंही डोकं वर आलेलं पाहून त्यांचे डोळे बारीक झाले. "हे काय चाललंय? सकाळी सकाळी दोघं इथं काय करताय?"

"मावशी, तुम्ही काय करताय?"

"मी? मी रोजचंच करतेय. आजोबांनी शिकवलेलं. हे उघडायला मेलं इतका वेळ लागतो, पोरं येऊन नुसती जांभया देत बसतात. उघडून ठेवलं की आल्या आल्या कामाला लागतात."

"पण सगळ्या टेबलांवर? ज्यांना लागत नाही, त्यांच्याही? आणि आजोबांच्या?"

मावशींनी आजोबांच्या टेबलावरून पुन्हा एकदा हात फिरवला. "सगळे दिवे लागलेले आणि एकच अंधारात... बरं दिसत नाही गं."

हे वाक्य तिचंच होतं. फक्त मावशींच्या तोंडून आलं होतं.

ड्रॉइंगवाल्यांना वाटायचं, संगणक आपोआप सुरू होतील अशी सोय आतूने करून ठेवलीय. आतूला वाटायचं, ड्रॉइंगमधलं कोणीतरी लवकर येतं. आणि ज्यांना त्या सॉफ्टवेअरशी काही देणंघेणं नव्हतं, ते त्याला मागे तसंच ठेवून पुढे आपलं काम करत राहायचे, ते दिवसभर उघडंच!

आतूने मावशींना लायसन्सचा हिशोब थोडक्यात सांगितला. "म्हणजे माझ्यामुळं..." मावशींचा चेहरा उतरला. "खर्च माझ्यामुळं वाढला होय?"

आतू पुढे झाली. तिच्याआधी कात्रीवालाच मावशींसमोर जाऊन बसला. "तुमच्यामुळं नाही, मावशी. इतकी वर्षं आमच्यासारखं कोणी लवकर आलं नाही, म्हणून. आता एक करा. उद्यापासून संगणकांऐवजी खिडक्या उघडाल? पोरांच्या जांभया त्यानंही जातील."

कापायचंच काम करणाऱ्या माणसाला इतकं हळू कापता येतं... आतू बघतच राहिली.

मग तिने स्वतःच एकेक संगणक बंद केला. आजोबांच्या टेबलाशी तिचा हात थांबला. कात्रीवाला मागे येऊन उभा राहिला. तिने नाव पुसलं. खरंच दोन मिनिटंही लागली नाहीत. आजोबांचं घर ठाऊक होतं, त्यांना भेटायला जाता येणारच होतं... हे इतकं सोपं तिला आजवर सुचलं कसं नव्हतं?

त्या दिवशी ज्याला सॉफ्टवेअर लागलं त्याने उघडलं, काम झाल्यावर बंद केलं. संध्याकाळी पाहिलं तर एका वेळी निम्मीसुद्धा लायसन्सं लागली नव्हती.

*

"पद्धत बदलली," मालकीणबाईंनी कागद वाचला. "कोणाची पद्धत? इतकी वर्षं पैसे कोणी वाया घालवले?"

कात्रीवाल्याने तोंड उघडलं, पण आतू आधी बोलली. "माझ्या विभागाची. संगणक माझ्याकडे आहेत, गेलेल्या लोकांची नावं मीच ठेवली होती. कोण काय उघडतं ते मी पाहायला हवं होतं. मावश... म्हणजे, दुसऱ्या कोणाचा यात दोष नाही."

मालकीणबाईंनी चष्मा काढला.

"मावशी होय?" मालकीणबाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसू लागल्या. "तरीच! माझाही संगणक रोज उघडलेला असतो. मला वाटायचं, महागाचा आहे म्हणून आपोआप उघडतो."

क्षणभर खोलीत कोणालाच हसायचं धाडस होईना. मग मालकीणबाईच हसल्या, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "जुळ्या राहू देत. लायसन्सं निम्मी घ्या. आणि तू," त्या आतूला म्हणाल्या, "दर महिन्याला बघत जा. आता हे नसतील सांगायला."

आता हे नसतील.

बाहेर जुळ्यांनी एकमेकींना मिठी मारली, मग आतूला, मग चुकून कात्रीवाल्यालाही. सगळं ऑफिस हसत होतं. आतूही हसत होती. फक्त टेबलाच्या टोकाची खुर्ची आता जागच्या जागी लावलेली होती, आणि तिकडे बघायचं ती टाळत होती.

*

रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरून खाट सरकल्याचा आवाज आला. मग पंख्याचा. टेम्पोवाल्याच्या हाका. आतू बाल्कनीत उभी होती. त्या काडीला तिने काल उपटून टाकलं होतं आणि नवं रोप लावलं होतं. आज मात्र त्याला पाणी घालायचं विसरून, नुसतंच भांडं धरून उभी होती.

"अगं, वर बघून बघून मान मोडेल," वहिनी म्हणाली. "जिना आहे आपल्याकडे. पायऱ्याही आहेत त्याला."

"मी कशाला जाऊ?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. हलकेच. घर जागं होतं, तरीही.

वहिनी एकाएकी आत काहीतरी उतू जातंय म्हणून पळाली. गॅसवर काहीही नव्हतं.

तो दारात उभा. हातात चमचा. "सामान परत केलं," तो म्हणाला. "मोजून. एक चमचा त्यांनी घेतला नाही. म्हणाले, हा आमचा नाही."

आतूने चमचा घेतला. दांड्यावर बारीक वेलाची नक्षी... तो तिच्याच घरातला होता. त्या रविवारी स्टँडमधून तिने भलताच चमचा ओढला होता! "अरे देवा. मग तुमचा इथंच राहिला. थांबा, देते... तुम्हाला तेव्हा कळलं कसं नाही?"

"कळलं होतं."

ती थांबली.

"दारातच कळलं. भाड्याचा साधा होता, हा नक्षीचा. सांगणारही होतो. पण मग... परत यायला काही कारणच उरलं नसतं."

आतूच्या हातातलं भांडं तिरकं झालं, पाणी फरशीवर सांडलं. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"त्यांचा चमचा हरवला म्हणून मी भरपाई भरली," तो पुढे म्हणाला. शब्द शोधत, अडखळत. "म्हणजे आता तो माझा झाला. माझ्या मालकीची ही पहिलीच वस्तू. आणि ती तुमच्या... तुझ्या स्वयंपाकघरात आहे."

तुझ्या. एवढाच शब्द. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मग घेऊन जा ना," ती अगदी हळू म्हणाली.

"नको. राहू दे तिथंच. खोली सोडलेली नाही मी, फक्त सामान परत केलंय. पुढचं काम जवळच्या गावात आहे, रोज येऊन-जाऊन होईल. खाट विकत घ्यायचीय. पातेलंही. मला यातलं काही कळत नाही... घर मांडायचं असलं तर आधी काय घेतात?"

"आधी..." ती हसली, आणि डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत. "आधी उशी घेतात. आणि आधी असं दारात उभं राहत नाहीत. आत ये."

तो आत आला. चप्पल काढून नीट भिंतीशी लावली. आतल्या खोलीतून कोणीतरी टाळी वाजवली आणि कोणीतरी तिला गप्प केलं.

पुतणी धावत आली. मुठीत तिचा दात होता, तोंडात खिंडार. दात पडल्याचा आनंद कोणाला आधी सांगावा, हे न कळून ती दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. मग तिने काकांकडे पाहिलं, काकांच्या भिंतीशी लावलेल्या चपलांकडे पाहिलं, आतूच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काका राहणार?"

"राहणार," तो म्हणाला.

"दुधाचे की पक्के?"

आतूने ओठ चावला. तो खाली वाकला. "तूच बघ ना."

तिने त्याचा अंगठा मुठीत धरला आणि जोर लावून पुढे-मागे हलवून पाहिला. तोंडातल्या खिंडारातून जीभ बाहेर आली इतका जोर लावला.

"हलत तर नाहीयेत," तिने आतूला सांगितलं. मग दुसरी मूठ उघडून त्या इवल्या दाताकडे बघत राहिली. कपाळावर आठी आली. "पण हापण आधी हलत नव्हता... आतू, आधीच कसं कळतं गं?"